साथीचे सूर

मुख्य कलावंत रंगांत आला म्हणजे श्रोत्यांची दृष्टि त्याच्याच मुद्रेवर खिळते. शेजारीं पट्ट्यांवर बोटें ठेवून बसलेला साथीदार सहसा कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. आमच्या महालांतील वाड्यांत सध्यां चाललेल्या वादाचें मूळ या उपेक्षेंतच आहे. थोरल्या नातवास की-बोर्डवादनांतच आयुष्य घालवावयाचें आहे, आणि "जन्मभर दुसऱ्याच्या मागें वाजवीत बसणार काय?" असा माझ्या धाकट्या बंधूंचा प्रश्न आहे.

नातवानें उत्तरादाखल जॉन मॅक्लॉक्लिन या इंग्रज गिटारवादकाची 'फ्लोटिंग पॉइंट' ही २००८ सालची ध्वनिमुद्रिका आम्हांस ऐकविली. पाश्चात्यांचें जॅझ व आपलें रागसंगीत यांचा हा मेळ चेन्नईस मुद्रित झाला. त्यांत की-बोर्डवर मुंबईचे लुई बँक्स आहेत. गिटारीची तार ओढतां येते, म्हणून तिला मींड साधते. १९७०च्या दशकांत झाकिर हुसेन यांच्यासमवेत 'शक्ति' या मेळांत वाजवितांना मॅक्लॉक्लिन यांनीं पडद्यांमधील जागा खोलगट कोरलेली गिटार मुद्दाम करवून घेतली होती, ती याच हेतूनें. पट्टीला हें सुख उपजत नाहीं. पण एकाच वेळीं अनेक स्वर उमटवून ती गिटारीच्या पायांखालीं भूमि अंथरते.

पट्टीच्या या उणिवेवरून आपल्या पेटीनेंही पुष्कळ सोसलें. श्रुति व मींड तिच्यांत येत नाहींत, या कारणास्तव १९४० सालीं आकाशवाणीनें तिला बंदी केली. ती १९७१च्या सुमारास कांहीं अंशीं उठली. तरी गोविंदराव टेंबे यांनीं भास्करबुवा बखल्यांची साथ केली ती पेटीवरच; आणि ज्यांचें संगीतशिक्षण आमच्या नागपुरांत झालें, त्या वसंतराव देशपांडे यांच्या मागें पु. ल. देशपांडे पेटी घेऊन आनंदानें बसत. अशा साथीदाराचें काम बारकाईनें पाहावें. गायक श्वास घेतो तेव्हां तो पोकळी भरतो. गायक नवी वाट शोधतो तेव्हां हा नुसता षड्ज धरून स्वस्थ राहतो. केव्हां वाजवूं नये हें कळणें, हीच त्याची विद्या.

संस्कृतांत 'अनु' या उपसर्गाचा एक अर्थ 'मागून' असा आहे, आणि मागून येणें म्हणजे हीन असणें नव्हे. दहा माणसांच्या घरांत वाढलेल्यांस तरी हें वेगळें सांगावयास नको. आपलें घर ज्यांच्या आधारावर उभें आहे, त्यांपैकीं कितीजणांचें नांव दारावरच्या पाटीवर असतें?

म्हणून मीं बंधूंस माझें मत स्पष्ट सांगितलें आहे कीं, मुलास शिकूं द्यावें. नातवास मात्र एक अट घातली आहे: वर्षभर रोज पहांटे तंबोऱ्यावर कंठानें स्वरसाधना करावी. पट्टीला जें येत नाहीं, तें वाजविणाऱ्याच्या कानाला ठाऊक असलें पाहिजे. बंधूंचा होकार अद्याप यावयाचा आहे. तंबोऱ्याच्या तारा मात्र नातवानें कालच बदलून आणल्या.