नृत्य शिकविणाऱ्याची तालीम

विशारदाची सनद हाती पडताच स्वतःचा वर्ग काढण्याच्या उमेदीने ज्या मुली माझ्याकडे अनुज्ञा मागावयास येतात, त्यांना मी अनुज्ञा देते. परंतु तिच्यासोबत एक अटही घालते, ती अशी की वर्षभर त्यांनी माझ्या प्रारंभिकाच्या वर्गात, पायांत घुंगरू न बांधता, केवळ हाताने ताल धरून व मुखाने पढंत करीत बसावे आणि सहा-सात वर्षांची मुले तत्कारात, म्हणजे बोलांवरच्या पदाघातांत, कोठे व कशी चुकतात ते पाहावे. पुष्कळींना ही अट अपमानास्पद वाटते, आणि प्रारंभिकापासून विशारद पूर्णपर्यंतच्या ७ परीक्षा ओलांडून आलेल्या मुलीला तसे वाटणे स्वाभाविकही आहे. तथापि कथकाच्या अध्यापनात आयुष्याचा मोठा भाग व्यतीत केल्यावर माझे मत असे बनले आहे, की नर्तिका घडविणारे शिक्षण आणि नृत्यशिक्षिका घडविणारे शिक्षण ही दोन भिन्न शिक्षणे असून, पहिले पुरे झाले म्हणजे दुसरे आपोआप झाले, ही आपल्याकडील सार्वत्रिक समजूत निराधार आहे.

पूर्वी गुरूच्या घरी राहून शिकणारा शागीर्द विद्या घेता घेताच धाकट्या शागिर्दांचे हातपाय बसवून देत असे, त्यामुळे त्या काळी शिकणे आणि शिकविणे यांची फारकत झाली नव्हती. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे, १९४७ साली रोहिणीताई भाटे यांनी पुण्यात काढलेल्या नृत्यभारतीसारख्या संस्थांमुळे, आणि पुढे पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र व कनक रेळे यांचे मुंबईतील नालंदा नृत्यकला महाविद्यालय यांच्यामुळे मध्यमवर्गीय घरांतील मुलींना नृत्य हा प्रतिष्ठित पेशा म्हणून उपलब्ध झाला, हे ऋण फार मोठे आहे. परंतु परीक्षेत तपासले जाते ते उमेदवाराचे नृत्य, तिची पढंत आणि तिचे शास्त्रज्ञान. समोर दहा मुले उभी करून त्यांना एखादा तुकडा शिकवून दाखव, असे तिला कोणी फर्मावीत नाही. त्यात आता शालान्त परीक्षेत शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांची घाई इतकी वाढली आहे, की शिक्षिकेला मुलाच्या पायाकडे पाहावयास उसंतच उरत नाही.

शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्राने ही गोष्ट फार आधी ओळखली. बडोद्याच्या प्रो. माणिकरावांनी आखाड्यातील लेझीम सांघिक व्यायामाच्या शिस्तीत आणली, १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली, आणि हुकूम कसा द्यावा, रांगा कशा लावाव्यात, दमलेला मुलगा कसा ओळखावा हे प्रत्यक्ष पाठ देऊन दाखविल्यावाचून शिक्षकाचा दाखला मिळू नये, असा शिरस्ता तेथे पडला. चित्रकलेच्या शिक्षकासाठीही स्वतंत्र पदविका आहे. नृत्यशिक्षकाच्या वाट्याला मात्र असा रुळलेला मार्ग अद्याप आलेला नाही.

मग त्या वर्षभरात मुली शिकतात काय? सर्वप्रथम त्या दुसऱ्याचे शरीर वाचावयास शिकतात. ‘ता थेई थेई तत्‌, आ थेई थेई तत्‌’ हे बोल ठाय लयीत चालले असता एखादे मूल समेवर बरोबर येते आणि तरीही त्याचा तत्कार अशुद्ध असतो, कारण पाऊल जमिनीवर सपाट न पडता आधी टाच आदळते, गुडघा ताठ राहतो आणि आघाताचा सारा भार नडगीवर जातो. कानाला ही चूक ऐकू येत नाही. ती डोळ्यालाच दिसावी लागते, आणि तो डोळा स्वतः नाचून लाभत नाही. सिमेंटवर बसविलेल्या फरशीवर असा तत्कार वर्षानुवर्षे चालू राहिला म्हणजे पंधराव्या वर्षी नडग्या दुखू लागतात. म्हणून वर्गासाठी जागा भाड्याने घेताना आरशांची चौकशी करण्याआधी जमिनीची करावी, आणि लाकडी तक्तपोशीची तजवीज होत नसेल तर निदान चौगुनीचा सराव आवरता घ्यावा, हे मी प्रत्येकीस बजावते. त्याचप्रमाणे बारा-तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढू लागते तेव्हा अस्थी आधी लांबतात, स्नायू मागाहून त्यांना गाठतात, आणि कालपर्यंत सुरेख चक्कर घेणारी मुलगी अकस्मात तोल गमावू लागते. अशा वेळी तिला आळशी ठरविणारी शिक्षिका त्या मुलीला नृत्यापासून कायमची तोडते. तिचा वेग काही महिने कमी करून गतभावाचे व अभिनयाचे काम तिच्याकडे सोपविणे हा यावरील उपाय होय, आणि तो एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा अशा दहा मुली डोळ्यांदेखत वाढताना पाहिल्यानेच सुचतो. विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभे राहिल्यावर त्यांचा उजवा हात तो आपला डावा, हे क्षणाचाही विलंब न लावता साधणे, आणि ते साधत असतानाच पढंतीची लय न ढळू देणे, यासाठीही स्वतंत्र रियाज लागतो.

समाजात जाऊन नृत्य करविण्याचे कार्य याहूनही अवघड आहे, कारण तेथे आलेल्या माणसांना नर्तक व्हावयाचे नसते. आपल्या देशात या कार्याला जुनी परंपरा आहे. उदयशंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात कथकळी, भरतनाट्यम्, मणिपुरी यांच्या जोडीला साधे चालणे, पाहणे आणि कल्पनेने हालचाल रचणे यांचेही पाठ होत. ड्रेस्डेनला मेरी व्हिगमन यांच्या शाळेत शिकून आलेल्या झोहरा सेहगल तेथे अध्यापन करीत. त्याच केंद्रातून आलेल्या शांती बर्धन यांनी मुंबईस अंधेरीत इप्टाच्या, म्हणजे भारतीय जननाट्य संघाच्या, मध्यवर्ती पथकाला नृत्ये बसवून दिली. आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी अशाच जिद्दीने गावोगाव मजल मारली. या मंडळींनी नृत्य लोकांपर्यंत नेले. परंतु ज्यांच्यापाशी नृत्य आधीच आहे, अशा लोकांपुढे जाताना शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

म्हणून मी माझ्या मुलींना पालघरच्या बाजूस वारली पाड्यांवर तारपानृत्य पाहावयास नेते, आणि तेथे त्यांनी काहीही शिकवू नये अशी सक्त ताकीद देते. दुधी भोपळ्याचा तारपा वाजविणारा वादक मध्ये असतो, एकमेकांना धरून साखळी त्याच्याभोवती फिरत असते, आणि त्याने चाल बदलली की पावले बदलतात. कोणी गिनती करीत नाही, कोणी कोणाला दटावीत नाही, आणि नवखा मनुष्य शेजाऱ्याच्या खांद्यातून व कमरेतून येणारा झोल पकडून अर्ध्या रात्रीत नाचू लागतो. आमच्या वर्गांत जे तीन महिन्यांत होत नाही, ते तेथे स्पर्शाने व संगतीने होते. मंगळागौरीच्या झिम्म्यात आणि फुगडीतही हेच तत्त्व आहे. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी जे नृत्यवर्ग चालविले, त्यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो, कारण थिजलेले पाऊल उचलावयास बाहेरून मिळणारी लय साह्य करते, हे ज्ञान तेथे करुणेने व शिस्तीने वापरले गेले. अशा वर्गात शिक्षिकेला ‘चूक’ हा शब्द बाजूस ठेवावा लागतो. मात्र लयीचा आग्रह तेथेही सोडून चालत नाही, कारण ज्याला आधार हवा असतो त्याला ढिली लय मुळीच उपयोगी पडत नाही.

हा पेशा पत्करणाऱ्या मुलीच्या उपजीविकेची स्थिती मात्र चिंताजनक आहे. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने शाळा तिला पंधरवड्यापुरती बोलावतात, ध्वनिमुद्रित गाण्यावर चार नाच बसवून घेतात आणि वर्षभर तिची याद ठेवीत नाहीत. शाळांच्या चालकांना माझी विनंती आहे, की पंधरवड्यापुरत्या बोलावण्याऐवजी वर्षभराच्या वेतनाची तरतूद करावी, आठवड्यास निदान दोन तासिका द्याव्यात, आणि नेमणुकीच्या वेळी उमेदवाराचे नृत्य पाहण्याऐवजी तिला तिसरीच्या एका वर्गासमोर अर्धा तास उभे करून पाहावे. पालकांनीही मुलीचे नाव घालण्यापूर्वी शिक्षिकेच्या भिंतीवरील पारितोषिके न मोजता एक पूर्ण तास वर्गाच्या कोपऱ्यात बसावे आणि त्या तासात शिक्षिका किती वेळ स्वतः नाचते व किती वेळ मुलांकडे पाहते, तेवढे ध्यानात घ्यावे.