बर्फाचा हिशेब

सोलापूरच्या माणसांनी बर्फावर घसरायला जायचं, ही कल्पनाच आमच्या नातेवाइकांना वेडेपणाची वाटली. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणारं आमचं गाव. इथं बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. फूफी तर म्हणाल्या, "पैसे देको हड्ड्यां तोड लेने कू जारे क्या?"

पण लेक आठवीत होती, धाकटा पाचवीत. टीव्हीवर गुलमर्गच्या हिवाळी खेळांची बातमी बघून दोघांनी धोशा लावला होता. पुढच्या वर्षी लेकीचे क्लास सुरू झाले की कुठलं जाणं नि कुठलं काय. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं : 'चौघांचा सगळा खर्च ४५,००० च्या आत.'

स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ, असं आम्हीही समजत होतो. चौकशी केली तेव्हा कळलं, की खर्च खेळापेक्षा विमान आणि हॉटेल यांचाच जास्त असतो. आधी उत्तराखंडातल्या औलीचा विचार केला. तिथं गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे स्की अभ्यासक्रम असतात. पण औलीला जायचं ते जोशीमठवरून, आणि २०२३ च्या जानेवारीत तिथल्या घरांना भेगा पडून माणसं घराबाहेर पडलेली आम्ही टीव्हीवर पाहिली होती. मन धजेना. मग गुलमर्गच ठरलं. २०२४ चा रमजान मार्चमध्ये येत होता, म्हणजे फेब्रुवारीतच जाऊन यायचं.

वहीची पानं भरू लागली. पुण्याहून झेलम एक्सप्रेस, स्लीपरनं जम्मूपर्यंत माणशी हजाराच्या आत. जम्मूहून बनिहालपर्यंत शेअर गाडी. बनिहालपासून श्रीनगरला रेल्वे, तिचं तिकीट आपल्या चहा-नाश्त्याएवढं. मुक्काम गुलमर्गला न करता खाली १३ किलोमीटरवर टंगमर्गला करायचा, तिथं खोल्या स्वस्त. गमबूट आणि लांब कोट तिथंच भाड्यानं मिळतात, विकत घ्यायचे नाहीत. आतून सुती कपडे घालायचे नाहीत. सुती ओलं झालं की अंगावरच गारठतं. जुने लोकरी स्वेटर बरे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, म्हणून एक पोस्टपेड सिम घेतलं. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ही सोलापूरची शिदोरी आठवडाभर टिकते.

जानेवारीत मात्र बातम्या यायला लागल्या, की गुलमर्गला बर्फच नाही. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे 'चिल्लई कलान', हिवाळ्याचा कणा. या दिवसांत पडलेला बर्फ टिकतो. त्याच्यावर पुढं झरे वाहतात, सफरचंदाच्या बागा जगतात. त्या वर्षी हे चाळीस दिवस जवळजवळ कोरडे चालले होते. ज्या मैदानावर कमरेएवढा बर्फ असायचा, तिथं वाळलेल्या गवताचे फोटो वर्तमानपत्रात आले. मशिदींतून नमाज-ए-इस्तिस्का पढली गेली. ही पावसासाठीची नमाज आम्हाला परकी नव्हती. दुष्काळात ईदगाहवर हात उलटे करून दुआ मागणारी माणसं आम्ही लहानपणापासून पाहिलेली. आमचं मागणं पावसाचं, त्यांचं बर्फाचं. रांग तीच.

तरीही त्याच आठवड्यात आम्ही टंगमर्गच्या एका घरी फोन लावला आणि खोलीचा दर पाडून घेतला. एरवी २,५०० ची खोली, रात्रीच्या जेवणासह १,२०० ला ठरली. पलीकडून घरमालक चाचा एवढंच म्हणाले, "ठीक है, आ जाइए. अल्लाह बर्फ देगा." फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. वहीत शेवटचा रकाना होता 'बचत'. त्यात आकडा लिहिला.

जानेवारी सरता सरता बर्फ पडला, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. पुण्याहून दोन रात्री गाडीत. जम्मूपुढं घाट सुरू झाला. चेनानी ते नाशरी हा ९ किलोमीटरचा बोगदा आणि मग रामबनपर्यंत एका बाजूला खोल चिनाब. दुसऱ्या बाजूला नुकताच कापलेला ठिसूळ डोंगर. त्यातून कधी दगड सुटेल याचा नेम नाही. ड्रायव्हर सतत वर बघत होता. आम्ही रस्त्याकडं बघत होतो. बनिहालला रेल्वेत बसलो. पीर पंजालच्या ११ किलोमीटरच्या बोगद्यात शिरताना डोंगर तपकिरी होते. पलीकडं काझीगुंडला बाहेर पडलो तर शेतांवर, छपरांवर बर्फाचे पट्टे. धाकटा एकदम ओरडला, "आई शप्पथ!" डब्यातले चार-पाच काश्मिरी वळून बघायला लागले.

पुढं हा प्रसंग रोजच येत गेला. आम्ही सलाम केला, की लोक मोकळेपणानं बोलायचे. मग मुलं आपसांत मराठीत भांडायला लागली, की गोंधळात पडायचे. चाचांनी तर पहिल्याच रात्री विचारलं, "मुसलमान होकर मराठी?" आम्ही हसलो. इकडं महाराष्ट्रात 'तुमचं मराठी किती छान आहे' असं कौतुक ऐकत आमची हयात गेली. तोच प्रश्न दोन हजार किलोमीटरवर उलट्या बाजूनं आला. आम्ही सांगितलं, "चाचा, आप कश्मीरी बोलते हैं ना? वैसेच." त्यांना पटलं. सोबत नेलेली सोलापुरी चादर त्यांच्या हातात दिली. तिच्या विणीवर ते बराच वेळ बोटं फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी चाकांना साखळ्या बांधलेल्या सुमोनं गुलमर्गला गेलो. उंची सुमारे २,६५० मीटर. मुलांना शिकवायला एक स्की मास्टर गाठला. दोघांचे मिळून दिवसाला १,८०० म्हणाला. आम्ही निघून जाण्याचा आव आणला. १,५०० झाले, १,२०० झाले, अखेर १,००० ला तुटलं. तीन दिवसांचे २,४०० वाचले. वहीत लिहिलं.

मास्टर तिशीचा असेल. त्यानं मुलांना आधी पडायला शिकवलं. तोल जातोय असं वाटलं की कुशीवर पडायचं. उठताना स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर त्या पुन्हा पळतात. स्कीचे बूट टणक प्लॅस्टिकचे, पुढं झुकलेले. त्यांत गुडघे वाकवूनच उभं राहावं लागतं. भीती वाटली की माणूस मागं रेलतो, आणि मागं रेललं की स्की ताब्यात राहत नाहीत. म्हणून उतार आला की पुढं झुकायचं. थांबायचं असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. धाकट्याला पिझ्झा लगेच कळला. लेक पहिला दिवसभर पडत होती. दर वेळी मास्टर उतार चढून वर जायचा, तिला उठवायचा, पुन्हा उलटा घसरत तिच्यापुढं राहायचा. तिसऱ्या दिवशी ती वरून निघाली ती सरळ आमच्यापुढं येऊन थांबली. आमच्यापैकी कोण जास्त रडलं, हे अजून ठरायचं आहे.

त्या दिवशी चहा पिताना मास्टर सहज म्हणाला, की यंदाचा हा त्याचा पहिलाच आठवडा. डिसेंबर-जानेवारी रिकामा गेला. मार्चनंतर बर्फ नाही. चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं, त्यातले दोन महिने आभाळानं नेले. तक्रारीचा सूर नव्हता. आम्ही चहाचे पैसे दिले आणि विषय बदलला.

संध्याकाळी टंगमर्गला परतलो तर दारात दिल्लीचं एक कुटुंब उभं होतं. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा जवळ आलेल्या, गुलमर्ग भरलेलं. ते आमच्या खोलीचे ३,५०० द्यायला तयार होते. आम्ही जिन्यातच थांबलो. चाचांनी हात जोडून त्यांना सांगितलं, "जुबान हो चुकी है." आमच्याकडं पाहिलंही नाही. जेवणात त्या रात्रीही रोजच्याएवढंच वाढलं.

परतीला आभाळ फिरलं. दिवसभर बर्फ पडत राहिला. रेल्वेनं बनिहाल गाठलं, तर पुढं रामबनजवळ दरड कोसळून रस्ता बंद. सफरचंदांच्या ट्रकांची रांग डोंगराच्या वळणाआड दिसेनाशी झालेली. एका हॉटेलात गेलो. ओल आलेली खोली, फुटकी काच, आणि भाडं ३,००० रुपये. आम्ही तोंड उघडणार तोच धाकट्याला खोकल्याची उबळ आली. मालकानं मुलाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि रजिस्टर पुढं सरकवलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. आम्ही मुकाट्यानं सही केली.

दोन रात्री तिथं काढल्या. त्याच आठवड्यात बनिहालपासून सांगलदानपर्यंतच्या नव्या रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं. हॉटेलात सगळे तेच बोलत होते. आमचं झेलमचं आरक्षण वाया गेलं. रात्री मेणबत्तीच्या उजेडात वही उघडली. पंचेचाळीस हजार केव्हाच ओलांडले होते. मालकाला मनसोक्त शिव्या दिल्या. आणि मग दोघंही गप्प झालो. त्यानं वेगळं काय केलं होतं? जानेवारीत टंगमर्ग अडलेलं होतं, तेव्हा दर आम्ही ठरवला. गुलमर्गला मास्टर अडलेला होता, तिथंही आम्हीच ठरवला. बनिहालला आम्ही अडलो, दर त्यानं ठरवला. त्याच्या कमाईला आम्ही लूट म्हणत होतो आणि आमच्या कमाईला बचत. या व्यवहारातून बाहेर उभा राहिलेला माणूस एकच होता. दारात साडेतीन हजार चालून आलेले असताना त्यानं शब्द मोडला नव्हता.

ते २,४०० मास्टरला पाठवायचे, असं तिथंच ठरवलं. घरी आल्यावर रमजान आला, लेकीची फी आली, राहून गेलं. त्याचा नंबर घ्यायचंही राहिलं होतं.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनमध्ये अतिरेक्यांनी २६ जणांना ठार केलं. त्यांत महाराष्ट्रातले सहा पर्यटक होते. पर्यटकांना वाचवायला पुढं झालेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही होता. नाव आणि धर्म विचारून मारणारे आपल्याच धर्माचं नाव घेतात, याची चीड आणि शरम आम्हाला कितीतरी दिवस झोपू देत नव्हती. मरण पावलेल्यांच्या घरच्यांना काय वाटत असेल, याच्यापुढं आमचं वाटणं काहीच नाही. मे महिन्यात चाचांचा फोन आला. आधी त्यांनी माफी मागितली. कशाची, ते आम्हाला कळलं नाही, आणि कळलंही. मग म्हणाले, खोल्या रिकाम्या आहेत, कधीही या, ६०० द्या.

जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे. रामबनचा डोंगर आता टाळता येतो. मुलं पुन्हा मागं लागली आहेत. जायचं की नाही, यावर घरात रोज वाद होतो. फूफींचं मत तर सगळ्यांना पाठ आहे. पण परवा टेबलावर नवी वही दिसली. अक्षर लेकीचं. पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'खोली : २,५०० प्रमाणे. चाचांना विचारून मास्टरला शोधणे. मास्टर : १,८०० प्रमाणे, अधिक मागचे २,४००.'

बचतीचा रकाना तिनं आखलेलाच नव्हता.