हुरड्यात आल्यावर ये

सावेडी, अहिल्यानगर
५ डिसेंबर

चि. मंदार,


तुझा निरोप मामीच्या मोबाईलवर ऐकला. जानेवारीत तीन आठवडे येतोयस, पुण्यात गाडी भाड्याने घेणार आणि आपला जिल्हा खात खात फिरणार. वर विचारतोस, टेक्साससारखं बार्बेक्यू, त्या त्या गावाचं म्हणावं असं, आपल्याकडे आहे का आणि कुठे मिळतं? एवढं सगळं बोलायला माझा दम पुरायचा नाही, म्हणून लिहितोय. मामी कागदांचे फोटो काढून पाठवील. नगरात बसून खाण्यापिण्यावर लांबलचक पत्रं लिहिणारा मी काही पहिला नव्हे. १९४२ च्या ऑगस्टनंतर मौलाना आझाद इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. तिथून त्यांनी मित्राला लिहिलेली आणि तेव्हा टपालात न पडलेली पत्रं म्हणजेच 'गुबार-ए-खातिर'. त्यात चहावर पानंच्या पानं आहेत, तीही बिनदुधाच्या चिनी चहावर. नगरचा दाट दुधाळ चहा बघून त्यांनी कपाळाला हात लावला असता.

तर मुद्द्यावर येतो. तू 'कुठे' विचारतोस. नगरला 'कधी' विचारावं लागतं.

मागच्या मे महिन्यातली फजिती आठव. मोबाईलवर भरपूर चांदण्या बघून तू गाडी थांबवलीस. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर पगडीवाला पाटील, 'चुलीवरचं गावरान मटण' अशी हातभर अक्षरांतली पाटी. चूलही होती, पण थंडगार, फोटोपुरती. आतून सिलिंडरचा खडखडाट ऐकू येत होता. रस्सा लालभडक, चव एकच: तिखट. मी तेव्हा गप्प बसलो, कारण बिल तू दिलंस. पुढच्या वेळी पाटी वाचू नकोस, मागच्या बाजूला जा आणि राखेचा ढीग बघ. रोज चूल पेटते तिथे राख कुठेतरी पडतेच. आणि कान दे. भाकरी थापल्याचा आवाज येत नसेल, तर पाणी पिऊन पुढे निघ.

पुणे-नगर रस्त्यावर 'बोल्हाईचे मटण' अशा पाट्या दिसतील. तुझ्या मित्राला ते एखाद्या बाईंच्या हॉटेलचं नाव वाटलं होतं. बोल्हाई ही देवी, तिचं ठाणं पुणे जिल्ह्यातलं वाडेबोल्हाई. जे तिला मानतात ते बोकड-शेळी खात नाहीत, मेंढीच खातात. पाटीचा अर्थ एवढाच की इथे मेंढीचं मटण मिळतं. आपल्या पठारावरून धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन फिरतात, गवत खुरटं, पाणी कमी, अशा मुलखात हे मटण रुजलं यात नवल नाही. त्यात घरचं काळं तिखट आणि येसूर हवा. येसूर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाला दळून केलेलं पीठ. रश्श्याला दाटपणा त्याने येतो, काजूच्या वाटणाने नव्हे. काजू घातलेला रस्सा मी पाहुण्यांच्या मानाखातर खातो.

पण हे सगळं शिजवलेलं. तुला हवंय भाजलेलं. तू मागे टेक्साससातल्या लॉकहार्टचं वर्णन केलं होतंस: जर्मन आणि चेक खाटीक तिकडे आले, उरलेलं मांस धुरावर ठेवून दुकानातच विकू लागले, आणि आजही ते खाटकाच्या कागदावरच वाढतात. ऐकताना मला आपली आगटी आठवली. मांसाचा संबंध नाही, तरी तुझ्या बार्बेक्यूचा नगरी भाऊबंद हुरडाच.

लहानपणी खाल्लायस, पण तेव्हा तुझं लक्ष बोरांवर होतं. म्हणून नीट सांगतो. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. ती पोटरीत येते, मग निसवते, फुलोरा येतो, दाण्यात चीक भरतो. चीक घट्ट होऊ लागला, पण दाणा अजून हिरवा आणि मऊ आहे, तो हुरडा. त्या वेळी दाण्यात साखर असते, पुढे तिचं पीठ होतं. एका ओळीतला हा काळ जेमतेम आठवड्याचा. चार दिवस आधी गेलास तर हाताला चिकटतो, चार दिवस उशीर झाला तर दात दुखतात. भाकरीची मालदांडी वेगळी आणि हुरड्याची गूळभेंडी वेगळी. गूळभेंडीचा दाणा चोळला की बोंडातून सहज सुटतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाण काढले. एका खाण्यासाठी विद्यापीठाने ज्वारीचे वाण काढावेत, हे तुझ्या टेक्सासवाल्यांना जरूर सांग.

आगटी म्हणजे वीतभर खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवायच्या आणि जाळ बसेपर्यंत थांबायचं. जाळ नको, आर हवा. कणसं आरात खुपसायची, फिरवायची, पाच-सात मिनिटांत बाहेर. खरं कसब पुढेच. कणीस गरम असतानाच तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची. तुझे आजोबा चोळायचे तेव्हा त्यांच्या पंजातून वाफ निघताना दिसे. मी दोन कणसांत हात झटकतो. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. त्याच आरात वांगी आणि शेंगा, त्याच्यावरच हरभऱ्याचे डहाळे धरून केलेला हुळा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची तोंडं काळी.

हल्ली हुरडा पार्ट्या निघाल्यात. माणशी दर, त्यात उंटावरची फेरी आणि लाऊडस्पीकर. मी नाक मुरडत नाही. ज्वारीच्या धान्यापेक्षा त्यात शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळत असतील तर बरंच आहे. पण तिथे शेत दाखवायला ठेवलेलं असतं आणि हुरडा कधीकधी पोत्यातून येतो. कणीस तोडल्यापासून आरात जाईपर्यंत जितका वेळ जाईल तितकी गोडी जाते.

बाकीचंही असंच वेळेवर बेतलेलं. राहात्याचे पेरू थंडीत, रस्त्याकडेलाच, मीठ-तिखट लावून खायचे. तेरा जानेवारीला भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, वांगं, ओला हरभरा घातलेली भाजी त्या दिवशी घरोघरी होते, हॉटेलात क्वचित. अकोले तालुक्याकडे गेलास तर घेवड्याच्या शेंगांची भाजी मागून बघ. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे देशी वाण जपले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पारनेर-संगमनेरकडे मासवडी मिळेल. नावात मासा, आत तीळ-खोबरं. श्रीगोंद्याकडे शिपी आमटी, कुस्करलेल्या भाकरीवर ओतून. दौंड रस्त्यावर काष्टीचा जनावरांचा बाजार भरतो, त्याचा वार विचारून घे. बैल बघून आलेला माणूस चव बिघडलेलं जेवण खपवून घेत नाही. जामखेडात खर्ड्याला थांबायचं असेल तर किल्ल्यासाठी थांब. १७९५ ला मराठ्यांनी निजामाला तिथे हरवलं. मिरचीच्या खर्ड्याशी त्या गावाचा संबंध लावून तू मागे जो विनोद केला होतास, तो तिथे करू नकोस.

परवा मिरजगावला शेतावर जाऊन आलो. मालदांडीच्या कडेला गूळभेंडीची पाच तासं पेरलीत, काही पोटरीत आहेत, काही निसवली. पाखरांसाठी माळा बांधून झाला. माझा अंदाज जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा, पण ढगाळ राहिलं तर पुढेमागे होईल. तेव्हा तिकीट बदलता येईल असंच काढ. चीक धरला की मी फोन करीन.

तुझा,
मामा

ता. क. पांढरा शर्ट आणू नकोस. आणि मामी म्हणते, पोटभर जेवून शेतावर येऊ नकोस, मागच्या वेळी तसंच केलं होतंस.