कापूस, तार आणि वही

ई-सिगरेट बाहेरून बघितली की काहीतरी फार हाय-टेक वस्तू वाटते. चकचकीत धातू, छोटासा डिस्प्ले, बटण दाबलं की लागणारा दिवा. पण फिरवून उघडली आणि आत डोकावलं तर निघतं काय? तारेचं एक वेटोळं आणि त्यातून ओवलेला चिमूटभर कापूस. बस्स. बाकीचा सगळा थाट या दोघांच्या सेवेला.

तुमच्या घरी डासांचं लिक्विड मशीन असेल. खाली बाटली, बाटलीतून वर आलेली वात, आणि वातीच्या टोकाभोवती गरम होणारी कडी. वात लिक्विड शोषते, कडी त्याची वाफ करते. ई-सिगरेटचा टँक म्हणजे तेच यंत्र, फक्त घाईत असलेलं. डासांचं मशीन रात्रभर मंद तापतं, इथे दोन-तीन सेकंदांत काम उरकायचं असतं. शिवाय ती वाफ खोलीत न जाता सरळ फुफ्फुसात जाते, हा फरक किरकोळ नाही.

हे सगळं मला कळलं ते माझ्या आतेभावामुळे. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा. इचलकरंजीत त्यांचे चोवीस माग. ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि तेव्हापासून गावाच्या कानात खडखडाट आहे तो आहेच. मागाच्या शेडमध्ये हवेत सतत कापसाचे तंतू उडत असतात. पंख्यावर, दिव्यावर, माणसाच्या भुवयांवर बसतात. तिथे काडी ओढणं म्हणजे शेड पेटवायला निमंत्रण. म्हणून कामगार विडी-सिगरेटपेक्षा तंबाखू-चुना मळतात, नाहीतर मावा. तंबाखूला तोटा नाही. तासाभराच्या अंतरावर निपाणी. शरद जोशींचं १९८१ चं तंबाखू आंदोलन झालं ती निपाणी.

दादा मात्र सिगरेटवाला. दिवसाला बारा. त्यासाठी बारा वेळा शेडच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या टपरीवर. २०१७ च्या सुरुवातीला त्याने पुण्यातून एक टँक आणला आणि महिन्याभरात सिगरेट सुटली. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

दादाला यंत्र कळतं. आमच्याकडे माग लावणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसाला जॉबर म्हणतात. चांगला जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो की धोट्याला कुठे मार बसतोय. दादाने टँकला तसंच वागवलं. त्याच्याकडून शिकलेलं थोडक्यात सांगतो.

पहिला नियम, वात कोरडी पडता कामा नये. नवी कॉइल बसवली की आधी कापसावर चार-पाच थेंब लिक्विड सोडायचं, टँक भरायचा आणि दहा मिनिटं नुसता ठेवून द्यायचा. का? तर लिक्विड असतं प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरिनचं मिश्रण. पहिलं उकळतं १८८ अंशांना, दुसरं २९० ला. कापूस ओला आहे तोवर तारेची उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान आटोक्यात राहतं. कापूस कोरडा पडला की तार भडकते, कापूस करपतो आणि लिक्विडचंच विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. घशाला जो चटका बसतो तो त्याचाच. समईत तेल संपलं की वात जळायला लागते, तसंच.

दुसरा नियम, ओहमचा. बॅटरी पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट. साध्या, सर्किट नसलेल्या यंत्रात १.२ ओहमची कॉइल लावली तर साधारण १५ वॉट. तीच ०.५ ओहमची लावली तर ३५ वॉट आणि बॅटरीतून सव्वाआठ अँपिअरच्या वर करंट. स्वस्तातला सेल एवढा करंट द्यायला बनवलेलाच नसतो, तो गरम होतो, आणि लिथियमचा सेल गरम झाला की पुढची गोष्ट बातम्यांत येते. बारावीचं फिजिक्स आहे हो, पण खिशात ठेवायच्या वस्तूला लावताना कोण आठवतो?

तिसरा, चव जितकी गोड तितकी कॉइल लवकर मरते. गोडी आणणारं द्रव्य तारेवर जळून काळा थर धरतं. दादा कॉइल गरम पाण्यात बुडवून, रात्रभर वाळवून पुन्हा लावायचा. दोन दिवस बरी चालायची, मग पुन्हा जळका वास. थर धुतला जात नाही, फक्त मऊ पडतो.

आणि कापूस! गावातली पोरं त्याला चिडवायची, "तुला रं काय तोटा, शेडमधला घे की." पण शेडमधलं सूत चालत नाही. सायझिंगमध्ये त्याला खळ लावलेली असते, तो धूर कोण ओढेल? कच्चा कापूसही चालत नाही. त्याच्यावर निसर्गानेच मेण लावलंय, तो ओला व्हायलाच तयार नसतो. मेण काढून टाकलेला, औषधाच्या दुकानातला कापूसच शोषतो. कापसाच्या गावात राहून दादा कापूस मेडिकलमधून आणायचा :)

तर असा हा सगळा संसार दादा एका वहीत लिहायचा. मागाच्या हिशेबाच्या वहीची शेवटची पानं. कॉइल बदलल्याची तारीख, ओहम, आणि लिक्विडची नवी बाटली फोडली त्याची तारीख. आम्ही ऑफिसात लॉग-लॉग करत बसतो, पण इतका नीटनेटका लॉग मी क्वचित पाहिलाय.

मग १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगरेटवर बंदी आणली आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, साठा सगळं बंद. पूर्ण वस्तू असो की तिचा कुठलाही भाग. विक्री-आयातीला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. शेजारच्या कर्नाटकाने तर ही बंदी २०१६ लाच घातली होती.

त्या दिवाळीत मी घरी गेलो आणि जानेवारीत मला कंपनीच्या कामाला लंडनला जायचं होतं. दादाला कळलं.

"भावा, येताना कॉइलची चार पाकिटं घिऊन ये की. हितं मिळतंय ते समदं डुप्लिकेट. पाच दिवसांत जळाय लागलंय. आधी धा दिवस आरामात जायची."

मी म्हटलं, वही दाखव.

आता इथे माझा धंदा आडवा आला. क्लायंट फोन करतो, सर्व्हर सारखा पडतोय, तुमचा सर्व्हर भिकार आहे. आपण आधी बघतो की ट्रॅफिक किती आहे. मी वहीतल्या तारखा लॅपटॉपवर एका खाली एक टाकल्या. २०१७ मध्ये कॉइल टिकायची दहा दिवस. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे बंदीच्याही आधी, सहा. दिवाळीत पाच. इथवर दादाचं म्हणणं बरोबर. पण शेजारच्या रकान्यात बाटल्यांच्या तारखा होत्या. तीस मिलीची बाटली २०१७ मध्ये दहा दिवस पुरायची, आता पाच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हिशेब एकच होता: एक बाटली, एक कॉइल. तीस मिली लिक्विड जाळलं की कॉइल मरायची, तेव्हाही आणि आताही.

कॉइल बिघडलीच नव्हती. लोड दुप्पट झाला होता.

बाटलीवर निकोटिन लिहिलेलं होतं मिलीला सहा मिलिग्रॅम. म्हणजे पूर्वी दिवसाला अठरा मिलिग्रॅमचं लिक्विड जायचं, आता छत्तीसचं.

असं का झालं यावर आम्ही माडीवर बसून बराच वेळ बोललो. मला वाटतं, सिगरेटला शेवट असतो. ती विझते, मोजता येते, बारा म्हणजे बारा. वर त्याला शेडबाहेर जावं लागायचं, रस्ता ओलांडावा लागायचा, टपरीवर ओळखीचं कोणी भेटायचं. टँकला यातलं काहीच नाही. तो टेबलावर असतो. बिलं लिहिता लिहिता एक झुरका, फोनवर बोलता बोलता दोन. विझत नाही, त्यामुळे संपतही नाही. मागाच्या तंतूंनी जी आडकाठी घातली होती ती या यंत्राने अलगद काढून टाकली. आणि दादाला आपण व्यसन करतोय असं वाटतच नव्हतं, कारण त्याच्या डोक्यात तो मेंटेनन्स करत होता.

मी म्हटलं, आणणार नाही. कायद्याने ती आयात आहे हे एक. दुसरं तुझ्या वहीत आहे.

दादा भडकला. त्याचं म्हणणं असं: "सिगरेट टपरीवर मिळती. गुटखा २०१२ पास्नं बंद हाय म्हणं, तो बी मिळतोय. आनि ज्यानं माझी सिगरेट सुटली तेवढंच तुमच्या सरकारला दिसलं व्हय?"

हे म्हणणं पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. सिगरेटचं टोक झुरक्याला नऊशे अंशांच्या आसपास तापतं. त्या धुरातली घाण वाफेत बहुतांश नसते. कॉक्रेन ही संस्था जगभरातले प्रयोग एकत्र करून निष्कर्ष काढते. तिचा निष्कर्ष आहे की निकोटिनच्या पट्ट्या आणि गमपेक्षा ई-सिगरेटने जास्त लोकांची सिगरेट सुटते. इंग्लंडात तर सरकारी आरोग्यसेवाच सिगरेट सोडणाऱ्यांना हा मार्ग सुचवते. दुसऱ्या बाजूला, २०१८ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने शाळकरी मुलांमधल्या वापराला साथ म्हटलं. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना वापरात असलेल्या यंत्रांच्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम सापडलं. ते बाटलीतल्या लिक्विडमध्ये जवळजवळ नव्हतं, टँकमध्ये आणि कॉइलशी संबंध आल्यावर आलं. ज्या वेटोळ्याची आपण निगा राखतो, तेच थोडं थोडं आत जातं.

पण माझा मुद्दा वेगळा होता. इंग्लंडात अभ्यास झाला तो तिथल्या नियमांतल्या वस्तूचा. निकोटिन किती, बाटली केवढी, सगळं बांधलेलं, आणि सोबत सोडवायला मदत करणारा माणूस. दादाच्या हातात २०१९ नंतर जे येत होतं ते कुणी बनवलं, कुणी भरलं, काही ठावठिकाणा नाही. अमेरिकेत त्याच वर्षी फुफ्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ माणसं दवाखान्यात दाखल झाली किंवा दगावली, मृत्यू ६८. मुख्य कारण निघालं चोरट्या बाजारातल्या, बहुतांशी गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. नाव एक, यंत्र एक, आतला माल वेगळा. तू म्हणतोस ती वस्तू या देशात आता नाहीच, मी म्हटलं. जी आहे तिला फक्त तिचं नाव आहे.

दादा त्या दिवशी माझ्याशी धड बोलला नाही. लंडनहून मी त्याच्यासाठी काही आणलं नाही.

पुढचं सरळ रेषेत झालं नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, माग थांबले, लिक्विड संपलं. सुरुवातीला दादाने कुठून कुठून सिगरेटी मिळवल्या. मग मेडिकलमधली निकोटिनची गोळी, चघळायची, दोन मिलिग्रॅमची. त्याला ती आवडली नाही, पण तिच्यात एक गुण होता: मोजता यायची. वही पुन्हा सुरू झाली. दिवसाला दहा, मग सात, मग चार. मध्ये एकदा लग्नसराईत घसरला, आठवडाभर सिगरेट. तेही वहीत आहे. गेली दोन वर्षं पानं कोरी आहेत. मी विचारत नाही, तो सांगत नाही.

गेल्या गणपतीत मात्र त्याने मला माडीवर बोलावलं. गल्लीतल्या अकरावीच्या एका पोराकडून एक रंगीत कांडी काढून घेतली होती त्याने. वापरा आणि फेका, आंब्याचा वास. दादाने पेचकस घालून ती फोडली. आत तेच: लिक्विडने भिजलेला कापूस, वेटोळं, छोटा लिथियम सेल. भरायला जागा नाही, कॉइल बदलायची सोय नाही, ओहम नाही, निकोटिन किती ते नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही.

दादाने ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "ह्याची वही कशी लिवायची रं?"

पोराला त्याने ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी शेडवर बोलावलं आणि वही वाचायला दिली. उपयोग झाला की नाही ते अजून ठाऊक नाही.

असो. बराच लांबला आजचा लेख. तुमच्यापैकी कोणाच्या ड्रॉवरमध्ये असलं काही असेल तर आठवडाभर फक्त तारखा लिहून बघा, बाकी काही करू नका. आणि सोडायचंच असेल तर तंबाखू सोडवणारी सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फुकट आहे.

भेटू पुढच्या शनिवारी.