परसातला शिंजीर

शनिशिंगणापूरला निघालेली कितीतरी माणसं आमच्या सोनईवरून जातात. त्यांना रस्त्याकडेचा ऊस दिसतो. परसातला शिंजीर मात्र दिसायचा नाही! मुलांनो, शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. सावलीत नर काळाकुट्ट वाटतो, पण ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. जास्वंदीच्या फुलात समोरून न शिरता बुडाशी भोक पाडून मध पळवतो, लबाड!

नवा झूम कॅमेरा मी त्याच्यावरच आजमावला. मादीने डाळिंबाला घरटं टांगलं होतं. गवत आणि वाळकी पानं कोळ्याच्या जाळ्याने बांधून केलेली पिशवीच ती! शेजारची पोरं म्हणाली, "बाई, मधली फांदी तोडू का? फोटो झकास येईल."

"अजिबात नाही!" त्या फांदीमुळेच पिल्लांना सावली मिळते, कावळ्याची नजर चुकते. आपण सारखं जवळ गेलो, तर आई घरट्याकडे फिरकणारही नाही. म्हणून तर झूम!

आम्ही स्वयंपाकघराच्या दारातच बसलो. कॅमेऱ्यातली भिंगं पुढेमागे सरकून होतो, तो खरा झूम. त्यापुढचा डिजिटल झूम नुसतं चित्र ताणतो, तपशील वाढत नाही. शिवाय झूम केलं, की हाताचा बारीकसा कंपही मोठा होतो. मग उंबऱ्यावर बाजरीची पिशवी ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा टेकवला. फ्लॅश बंद.

अर्ध्या तासाने नर आला, चोचीत कोळी घेऊन! पहिल्या फोटोत त्याची शेपटी तेवढी आली. पोरं खो खो हसली. दुसऱ्यात मात्र कोळ्याचे पायसुद्धा मोजता येतात. कोपऱ्यात ती फांदीही आलीय, धूसर हिरवी.