आमची लॅम्ब्रेटा

(एस.वाय.बी.ए.)

आमच्या दारात आजवर शेकडो गाड्या आल्या आणि गेल्या. पण आमची म्हणावी अशी त्यांत एकही नव्हती. माझे वडील स्कूटरचे मिस्त्री आहेत. कराडला कोल्हापूर नाक्याच्या अलीकडे पत्र्याच्या एका शेडमध्ये ते गेली सव्वीस वर्षे लोकांच्या गाड्या दुरुस्त करतात. गाडी तयार झाली, की तिच्यावर बसून नाक्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. याला ते ‘ट्रायल’ म्हणतात. गाडीवर बसण्याचे त्यांचे सारे आयुष्य असे एकेका ट्रायलमध्ये गेले. गावाला जायचे झाले, की आम्ही आपले एस.टी.च्या रांगेत.

घरी आम्ही वडिलांना आबा म्हणतो. आबा सातवीपर्यंत शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मी दहावी पास झालो, त्या दिवशी आबांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाले, “आता ह्यो न्हाई धरायचा. हात काळं झालं की जात न्हाईत.” त्यानंतर मी शेडमध्ये गेलो तो फक्त जेवणाचा डबा द्यायला. आणि वाचकहो, खरे सांगायचे तर मला ते बरेच वाटले. कॉलेजच्या प्रवेश-अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी नुसते ‘व्यवसाय’ एवढेच लिहिले होते. मित्रांनी विचारले, तर ‘स्पेअर पार्ट्सचं आहे’ असे सांगून मोकळा होत असे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आबांना मसूरकडच्या एका वाडीत बोलावणे आले. तिथले एक निवृत्त गुरुजी वारले होते. त्यांची मुले पुण्याला. घर आवरताना गोठ्यात कडब्याखाली एक स्कूटर निघाली. १९६८ सालची लॅम्ब्रेटा! सीटमध्ये उंदरांनी घर केले होते, टायर कुजून गेले होते. पण इंजिन मूळचे आणि कागद ट्रंकेत जपून ठेवलेले. मुलांनी ती भंगाराच्या भावाने, ४,००० रुपयांना दिली. टेम्पोतून ती शेडसमोर उतरली, तेव्हा आबांनी तिच्यावरून फडके फिरवले आणि मला म्हणाले, “धर जरा त्या बाजूनं.” चार वर्षांनी मी पुन्हा शेडमध्ये कामाला लागलो.

इतिहास हा माझा विषय. तेव्हा आबा इंजिन उकलत बसले आणि मी तिचे कुळ शोधू लागलो. ही मूळची इटलीची. मिलान शहरातल्या लांब्राते भागात फर्दिनांदो इनोचेंती यांचा पोलादी नळ्यांचा कारखाना होता. बांधकामाच्या परांचीसाठी लागणाऱ्या नळ्यांमुळे त्यांचे नाव झाले. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्ध संपले, तेव्हा लोकांजवळ पैसा नव्हता आणि फिरायला वाहन नव्हते. पियाज्यो कंपनीची व्हेस्पा १९४६ साली रस्त्यावर आली आणि पुढच्याच वर्षी इनोचेंतींची लॅम्ब्रेटा. व्हेस्पाचा सांगाडा दाबलेल्या पत्र्याचा, लॅम्ब्रेटाचा नळीचा. नळ्या करणाऱ्या माणसाने नळीचीच गाडी करावी, हे ओघानेच आले. लांब्राते भागावरून, म्हणजे तिथल्या लांब्रो नदीवरून तिचे नाव पडले. आपल्याकडे १९५०च्या दशकात मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ती बनवायला घेतली. पुढे तीच ‘लॅम्बी’ झाली. मिलानमधले काम १९७१ साली थांबले आणि तिथली यंत्रे लखनौला आली. कृष्णाकाठच्या एका वाडीतल्या गोठ्यात मिलानची नदी कशी पोहोचली, ते मला असे कळले.

मी हे सारे आबांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “नळीचा सांगाडा म्हणूनच टिकलीया. पत्र्याची असती तर गोठ्यातच तिची माती झाली असती.” जे मी आठ दिवस वाचून काढले होते, ते त्यांनी ठोकून पाहून ओळखले होते.

दसऱ्याला गाडी उभी राहिली. रंग पांढरा, बाजूची पॅनल फिकट निळी. पुनर्नोंदणीचे हेलपाटे आबांनी आधीच उरकले होते, आणि माझे लायसन्स होतेच. पहाटे सहाला आम्ही विद्यानगरच्या पलीकडे कॅनॉलच्या रस्त्यावर गेलो. डाव्या मुठीत क्लच आणि त्याच मुठीत गिअर : वर पहिला, मग न्यूट्रल, खाली दुसरा, तिसरा, चौथा. मागचा ब्रेक उजव्या पायाशी. आबा मागे बसले. मी मूठ वर फिरवून क्लच सोडला आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा आबा खाली उतरले आणि म्हणाले, “माजं वजन हाय म्हणून न्हाई, तुजा जीव घाबरतोय म्हणून बंद पडती. क्लच एकदम सोडू नको. ती उचलती कुठं ते हाताला कळंल.”

आणि चौथ्या वेळी खरोखरच कळले. मुठीत एक बारीकशी थरथर आली, गाडी हलली, आणि कॅनॉलचे पाणी माझ्याबरोबर चालू लागले. दुसरा टाकला, तिसरा टाकला. चौथ्यात गेल्यावर इंजिनचा आवाज असा एकसुरी झाला, की जात्यावर दळणाऱ्या बाईने लय धरावी. उसाच्या तुऱ्यांवर दव होते, मागे टू-स्ट्रोकचा निळा धूर होता. ओगलेवाडीपर्यंत गेलो आणि वळून आलो. आबा होते तिथेच, रस्त्याकडेला उकिडवे बसलेले. “आवाज लांबनं बरा येत हुता,” एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर रोज पहाटे मी चक्कर मारीत असे. आबांनी एक नियम घालून दिला : “गाडी उभी केली, की पेट्रोलचा कॉक बंद. न्हाईतर कार्बोरेटर भरून वाहतोय.” कॉक सीटखाली. बंद, चालू आणि रिझर्व्ह अशा त्याच्या तीन जागा.

नोव्हेंबरमध्ये मी ती कॉलेजला नेली. काय तो थाट! पार्किंगमध्ये घोळका जमला. कुणी फोटो काढले, कुणी किंमत विचारली. मी इनोचेंती, मिलान, लांब्रो, सारे सांगितले. “बाबांना जुन्या गाड्यांचा शौक आहे,” असेही सांगून टाकले. दुपारी सुटल्यावर सगळ्यांच्या देखत किक मारली, गाडी एका किकमध्ये सुरू झाली, आणि फाटकापर्यंत जाऊन बंद पडली. मग मी किक मारीत राहिलो. वीस, तीस. शर्ट भिजला. हसणारे हसू लागले. शेवटी आबांना फोन लावला, आणि मित्रांना म्हणालो, “मेकॅनिकला बोलावलंय.”

अर्ध्या तासाने आबा एका गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. अंगात ऑईलचे डाग पडलेली खाकी पँट, हातात पिशवी. कुणीतरी ओरडले, “आला बघ तुझा मेकॅनिक.” आबांनी एकवार माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. पॅनल काढले, प्लग खोलला, फडक्याने पुसला, उन्हात धरून पाहिला, परत बसवला. हे सगळे उजव्या हाताने चालू असताना त्यांचा डावा हात सीटखाली गेला आणि कॉक फिरला. तो आवाज फक्त मला ऐकू आला. सकाळी मी कॉक बंद केला होता. दुपारी उघडलाच नव्हता. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी फाटकापर्यंत गेली होती.

“प्लगमध्ये कचरा हुता,” आबा पोरांना म्हणाले. मग बाजूला सरले आणि मला म्हणाले, “मारा किक, साहेब.”

साहेब! मला, स्वतःच्या पोराला, चारचौघांत ‘मारा’ म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते. पण ते मला सांभाळून घेत होते. मी जे खोटे उभे केले होते, त्याला त्यांनी आपल्या हाताने टेकू दिला होता.

मी किक मारली. गाडी सुरू झाली. पण जाता येईना. मी ती बंद केली, कॉक बंद केला आणि म्हणालो, “प्लग चांगला होता. मी कॉक उघडायला विसरलो. आणि हे माझे आबा आहेत. ही गाडी यांनीच उभी केलीय.”

कुणी काही बोलेना. मग आमच्या वर्गातल्या एकाने विचारले, “काका, हिचं इंजिन मधोमध कसं? आमच्या आजोबांच्या बजाजचं एका बाजूला होतं.” आबांनी पिशवी खाली ठेवली आणि बोलू लागले. इंजिन मध्ये असल्याने तोल कसा राहतो, चेन आत कशी फिरते, लिटरला ४० मिली ऑईल का घालायचे. फाटकाजवळ अर्धा तास तो तास चालला. सायकल स्टँडवरचे मामासुद्धा येऊन उभे राहिले. घरी जाताना आबा मागे बसले. कृष्णेच्या पुलावर म्हणाले, “हितनं गाडी जरा सावकाश घे.” मी घेतली. दुसरे काही बोलणे झाले नाही. गाडी नाक्यावरून परत फिरवली नाही, तशीच पुढे नेली. तेव्हाही ते काही म्हणाले नाहीत.

जानेवारीत पुण्याचे एक संग्राहक आले. त्यांनी दिलेला आकडा ऐकून आई आत निघून गेली. धाकट्या बहिणीचे नर्सिंगचे प्रवेश, शेडचा गळका पत्रा, सगळे त्यात बसत होते. ते गृहस्थ गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करणार होते. २०२१ सालच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला तशी नोंद मिळते. पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. आबा म्हणाले, “मग गाडीला वाटंल, आपलं काय चुकलं.” तरी त्यांनी व्यवहार केला. मला विचारून केला. मी हो म्हणालो.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा लॅम्ब्रेटा पुण्यात कुठल्यातरी काचेआड उभी असेल. मी रविवारी शेडमध्ये जातो. आबा अजून पाना सहजासहजी हातात देत नाहीत. पण मागितला तर देतात. गेल्या महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात या वेळी ‘स्कूटर मेकॅनिक’ असे लिहिले. कागदाच्या कोपऱ्याला माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. कारकुनांनी दुसरा अर्ज लिहून आणायला लावला. तो हात धुऊन लिहिला; रकाना मात्र तोच ठेवला.