पहिली तारीख

नोकरी सोडली तेव्हा शेजारीण म्हणाली, "बरं केलं बाई, आता सुखानं घरी बस." 'घरी बसणे' हा शब्दप्रयोग ज्याने काढला, त्याने तान्हे मूल खचितच सांभाळलेले नसावे!

गोसीखुर्दहून मी पवनीला एका खाजगी शाळेत शिकवायला जात असे. 1961 च्या कायद्यातली बाळंतपणाची 12 आठवड्यांची पगारी रजा 2017 मध्ये, पहिल्या दोन मुलांपुरती, 26 आठवड्यांची झाली. पाळणाघर मात्र 50 माणसे कामाला असतील तिथेच सक्तीचे. आमच्या शाळेत माणसे डझनभर. मग सत्ताविसाव्या आठवड्यात बाळाला ठेवायचे कुठे?

सुख आहे, नाही कसे? पावसाळ्यात धरणाच्या 33 दरवाजांपैकी काही उघडले, की वैनगंगेचा घोष ऐकून लेक डोळे विस्फारते. तिचा पहिला शब्द मीच ऐकला, दुसऱ्या कुणी नव्हे. बोचते ती पहिली तारीख. त्या दिवशी आईला लुगडे घ्यायचे, तर पूर्वी कुणाला विचारावे लागत नसे. आता हे न मागता पैसे हातावर ठेवतात. तरी मोजून घेताना जीव चोरटा होतो.

गेल्या भाऊबीजेची ओवाळणी मी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. ती किती, हे घरात कुणालाच ठाऊक नाही.